आधी कागद, मग शाई, निब शेवटी!

एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्या. तुमच्या कपाटात, ड्रॉवरमध्ये किंवा पलंगाखालच्या खोक्यात असं किती सामान पडून आहे, जे तुम्ही एखादा छंद सुरू करायचा म्हणून घेतलं आणि छंद मात्र सुरू झालाच नाही? तारा सैल पडलेला युकुलेले, क्रोशाच्या सुया, एकदाच उघडलेले वॉटर कलर, योगा मॅट? लाजू नका. हे विचारणारीसुद्धा त्यातलीच आहे.

माझ्याकडे बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा आहे. त्यात सव्वीस निब आहेत. जपानी आहेत, इंग्लिश आहेत, जर्मन आहेत. काही निळ्या, काही ब्राँझ रंगाच्या, काही इतक्या नाजूक की चिमटीत धरायलाही भीती वाटते. यातल्या नेहमीच्या वापरात किती? दोन. उरलेल्या चोवीस मी का घेतल्या, याचं प्रामाणिक उत्तर म्हणजे आजचा हा लेख.

विषय आहे पॉइंटेड पेन कॅलिग्राफी. नाव भारी वाटलं तरी हा प्रकार तुमच्या घरात कुणाला तरी नक्की माहीत असणार. पॉइंटेड पेन म्हणजे टोकदार निबचा टाक. हो, टाकच. आपल्या आजोबांच्या शाळेत दौत आणि टाक असायचा ना, तोच! एक दांडी, तिच्या टोकाला पोलादी निब. आत शाई भरायची सोय नाही. दौतीत बुडवायचं आणि लिहायचं. निबच्या मधोमध एक चीर असते. रेघ खाली आणताना दाब दिला की चिरेच्या दोन्ही बाजू फाकतात आणि रेघ जाड होते. दाब सोडला की त्या मिटतात आणि रेघ केसासारखी बारीक होते. परदेशी लग्नपत्रिकांवर दिसणारी वळणदार कॉपरप्लेट अक्षरं असोत किंवा कोका-कोलाच्या नावाचं स्पेन्सेरियन वळण असो, सगळा डोलारा या एका युक्तीवर उभा आहे: वर जाताना हलकं, खाली येताना दाब.

युक्ती इतकी साधी आहे, म्हणूनच ती बघायला जबरदस्त वाटते. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये निब कागदावरून सरकते, तो खर्रर आवाज येतो, ओली शाई चमकते आणि आपल्या डोक्यात पहिला विचार येतो, ‘ही निब कुठली?’

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न चुकीच्या टोकाने विचारलेला आहे.

एकशे चाळीस पाकिटं

गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मैत्रिणीच्या ताईचं लग्न ठरलं. पाहुण्यांची नावं पाकिटांवर हाताने लिहायची होती आणि मैत्रिणीने घरी छातीठोकपणे सांगून टाकलं, ‘ती लिहील ना!’ एकशे चाळीस पाकिटं, एकाचे पंधरा रुपये. म्हणजे एकवीसशे रुपये. अक्षरांतून मिळणारी माझी पहिली कमाई. मी तर हवेतच होते.

मी काय केलं? डब्यातली सगळ्यात नाजूक, सगळ्यात मऊ निब काढली, कारण व्हिडिओत तीच सर्वांत सुंदर दिसायची. शाई टेबलावर होती ती घेतली, फाउंटन पेनची. पाकिटं प्रिंटरकडून थेट घरी आली होती, मोतिया रंगाची, शिमरवाली. पहिल्या रात्री चाळीस नावं लिहून झाली. दिव्याखाली ती अशी काही चमकत होती की मी फोटो काढून स्टेटसलाही टाकला.

सकाळी एकावर एक ठेवलेली पाकिटं उचलली, तर प्रत्येकाच्या पाठीवर खालच्या पाकिटावरचं नाव उलटं उमटलेलं. काही नावांवर शाईचे थेंब साचलेले, काही ठिकाणी ती वाळलेलीच नाही. एका कुलकर्णी आडनावाचा तर नुसता निळा ढग झाला होता. मैत्रिणीच्या आईला फोन केला. काकू रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘परत पाकिटं मिळतील का गं? वेळ कमी आहे.’ त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नवी चाळीस पाकिटं मी माझ्या पैशांनी आणली. पण त्याआधी मी जे केलं ते जास्त गमतीचं आहे. मी आणखी एक निब मागवली! माझ्या मते दोष निबचा होता. ती येईपर्यंत दोन दिवस हात चोळत बसले आणि त्या दोन दिवसांत, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून, एका खराब पाकिटावर वेगवेगळ्या गोष्टी ओढून पाहिल्या. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पाकिटाच्या कागदावर चमकीचा थर होता, तो शाई पिऊच देत नव्हता. शाई पाण्यासारखी पातळ, त्यामुळे ती निबवरून एकदम ओघळत होती आणि कागदावर नुसती तरंगत होती. निब बिचारी निर्दोष होती. नंतर गॉश रंग पाण्यात कालवून, त्यात थोडा डिंक घालून, साध्या ताठ निबने मी तीन रात्रींत सगळं काम पूर्ण केलं. लग्न पार पडलं. हातात किती पैसे उरले ते विचारू नका.

तेव्हापासून माझा क्रम पक्का झाला. आधी कागद, मग शाई, निब सगळ्यात शेवटी. आपण सगळे नेमके याच्या उलट जातो, कारण निब दिसायला सुंदर असते, शाईची बाटलीही सुंदर असते आणि कागद मात्र फक्त कागद असतो.

कागद: ज्याचं कुणी अनबॉक्सिंग करत नाही

टोकदार निब म्हणजे जवळपास सुईच. ती मऊ, तंतू सुटलेल्या कागदावर चालवली की वर जाणाऱ्या रेघेत तंतू उचलते, तो चिरेत अडकतो आणि पुढच्या अक्षराला दाढी फुटते. हँडमेड कागद दिसतो देखणा, पण नवशिक्यासाठी तो सापळा आहे. रोजचा झेरॉक्सचा कागद शाई शोषून घेतो, त्यामुळे केसासारखी रेघ दोरीएवढी होते. आपण म्हणतो, ‘माझा हातच जड आहे.’ हात जड नसतो, कागद तहानलेला असतो.

सरावाला गुळगुळीत, कडक, लेझर प्रिंटसाठीचा जाडसर कागद घ्या, शंभर जीएसएम किंवा त्याहून थोडा वरचा. मात्र जीएसएम म्हणजे फक्त वजन. जाड कागदसुद्धा शाई पिऊ शकतो. म्हणून रीम घेण्याआधी दुकानदाराकडून दोन-चार सुटे कागद मागून घ्या. घरी आल्यावर तीन गोष्टी करा: एक बारीक रेघ वर न्या, एक दाब देऊन खाली आणा, आणि एक गाठ काढा जिथे रेघ रेघेला छेदते. दहा मिनिटं थांबा. बोट फिरवा. कागद उलटा करून मागची बाजू बघा. रेघेच्या कडा फुटल्या नाहीत, बोटाला शाई लागली नाही आणि मागे डाग उतरला नाही, तर तो कागद तुमचा.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे पावसाळा. जुलै महिन्यात मुंबईत किंवा कोकणात कागद दमट होतो आणि मे महिन्यात शहाण्यासारखी वागणारी शाई पसरायला लागते. निबही गंजतात. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी फेकू नका, निबच्या डब्यात टाका. आणि लिहिताना हाताखाली कागदाचा एक तुकडा कायम ठेवा. तळहाताचं तेल आणि घाम कागदाला लागला की तिथे शाई धरत नाही. मग ओळीच्या शेवटी अक्षरं तुटतात आणि आपण निबला शिव्या घालतो.

शाई: काजळी, डिंक आणि गुटीतलं मायफळ

शाईच्या दुकानात, मग ते गल्लीतलं असो की मोबाइलवरचं, गोंधळ उडतोच. पण पॉइंटेड पेनसाठी ढोबळमानाने चार प्रकार कळले तरी पुरे.

पहिली फाउंटन पेनची शाई. म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पेनाच्या आतल्या अरुंद वाटेतून वाहावी म्हणून ती मुद्दाम पातळ केलेली असते. टाकाला ती अडवणारी वाटच नसते, म्हणून ती भसकन उतरते. चांगल्या कागदावर सरावापुरती चालते. थेंब फार पडत असतील तर त्यात गम अरेबिकचे दोन-चार थेंब घाला. गम अरेबिक म्हणजे आफ्रिकेतल्या बाभूळवर्गीय झाडांचा डिंक, आपल्या बाभळीच्या डिंकाचा भाऊबंद. डिंकाने शाईला थोडा दाटपणा येतो आणि ती निबला धरून राहते.

दुसरी सुमी. ही जपानी शाई म्हणजे काजळी आणि सरस. आपल्याकडे काजळी आणि डिंक यांपासून शाई बनायची, त्याच घराण्यातली. काळीभोर, कागदावर बसणारी, सुरुवातीला फार समजून घेणारी शाई आहे ही. बाटलीतली सुमी बऱ्याचदा दाट असते. तासाभरात ती आणखी दाट होते, तेव्हा पाण्याचे थेंब घालत राहायचं. निबवर वाळू दिली तर मात्र ती चिकटून बसते.

तिसरी आयर्न गॉल, आणि ही माझी लाडकी. ओकच्या झाडावर कीटकामुळे ज्या गाठी येतात, त्यांतलं टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, यांच्यापासून ती बनते. युरोपात शेकडो वर्षं याच शाईने लिहिलं गेलं. आता गंमत ऐका. त्या गाठी म्हणजे आपलं मायफळ. तान्ह्या बाळाच्या गुटीत आजी सहाणेवर जे मायफळ उगाळते, तेच! ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागली की डोळ्यांदेखत काळी होत जाते. अतिशय पातळ असूनही ती पसरत नाही, त्यामुळे केसासारखी रेघ हवी असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. पण ती आम्लधर्मी आहे, निब खाते. जास्त आम्ल असेल तर कागदही खाते. बाखच्या संगीताच्या हस्तलिखितांना या शाईनेच भोकं पाडली आहेत. म्हणून दर दोन-तीन ओळींनी निब पुसणं हा हिचा नियम.

चौथा गॉश. हा खरं तर चित्रकाराचा रंग. ट्यूबमधला रंग दुधाइतका पातळ कालवायचा आणि त्यात किंचित गम अरेबिक घालायचं. गडद पाकिटावर पांढरी अक्षरं, किंवा माझ्या मोतिया पाकिटांसारखा न पिणारा कागद, अशा वेळी हाच कामाला येतो, कारण त्यातला रंग कागदात न शिरता वर बसतो. शाळेतल्या पोस्टर कलरनेही सराव होतो. फक्त गुठळी राहिली की चीर बुजलीच म्हणून समजा.

आणि एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या वॉटरप्रूफ इंडिया इंकमध्ये लाखेपासून बनलेलं शेलॅक असतं. टाकाला चालते, पण लगेच धुवा. आणि चुकूनही ती फाउंटन पेनमध्ये भरू नका. वाळली की पेन बादच.

चारही एकदम घ्या, असं मी म्हणत नाहीये हं. एकच घ्या. कोणती, ते तुम्ही निवडलेल्या कागदालाच विचारा.

निब: मऊ म्हणजे चांगली नव्हे

आता या बाईसाहेबांकडे. निब निवडताना दोन गोष्टी बघायच्या: टोक किती बारीक आहे आणि पोलाद किती लवतं. आपल्याला वाटतं, जितकी बारीक आणि जितकी लवचिक तितकी भारी. इथेच सगळे फसतात. लवचिक निब हाताची प्रत्येक चूक मोठी करून दाखवते. हात जरा थरथरला, रेघ थरथरली. दाब जरा वाकडा पडला, एक बाजू जास्त फाकली, टोक कागदात रुतलं आणि शाईचे शिंतोडे थेट शर्टावर.

म्हणून सुरुवातीला बहुतेक शिक्षक निक्को जी सुचवतात. जपानी निब आहे, ताठ आहे, दाब मागते. मांगा वाचणाऱ्यांनो, ही तुमच्या ओळखीची निघेल. जी-पेन हे मांगा चित्रकारांचं रोजचं हत्यार. झेब्रा जी तिचीच बहीण, जराशी मऊ. या दोघींवर हात बसला की मग इंग्लंडच्या लिओनार्ट प्रिन्सिपल किंवा गिलॉट ३०३ कडे जायचं. त्यांची रेघ अप्रतिम बारीक येते, पण टोक सुईसारखं आणि अंगात नखरे. हंट १०१ आणखी मऊ. जर्मनीची ब्राउझ ३६१, जिला प्रेमाने ‘ब्लू पम्पकिन’ म्हणतात, ती मोठी आणि लवचिक, ठळक अक्षराला छान.

दांडीचंही सांगून टाकते. कॉपरप्लेट अक्षर साधारण पंचावन्न अंशांत कललेलं असतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला तेवढा कल साधायला मनगट फार मुरडावं लागतं. म्हणून बाजूला पितळी पट्टी असलेली तिरकी दांडी मिळते, निब त्या पट्टीत बसते. डावखुऱ्यांनो, तुम्ही नशीबवान आहात. तुमचा हात बऱ्याचदा आपोआप त्या कलात येतो, त्यामुळे साधी सरळ दांडी पुरते. मात्र घेताना विचारा, पट्टी कोणत्या निबसाठी बनवली आहे. जी निबची गोलाई मोठी, हंट १०१ ची लहान. एकीच्या पट्टीत दुसरी डुगडुगते. माझ्या सव्वीसपैकी नऊ निब कुठल्याच दांडीत बसत नाहीत, हे मला त्या घेऊन झाल्यावर कळलं.

नवी निब शाई धरत नसेल तर घाबरू नका, ती खराब नाही. गंजू नये म्हणून कारखान्यात तिच्यावर तेलाचा थर देतात. भांड्यांच्या साबणाने धुवा, टूथपेस्ट चोळा किंवा थोडा वेळ बटाट्यात खुपसून ठेवा. (आईला आधी सांगून. तो बटाटा भाजीत गेला की जे होतं ते माझ्या घरी होऊन गेलं आहे.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं: निब संपते. पेनासारखी ती जन्माची सोबत नाही. वर जाताना खरवडायला लागली, बारीक रेघ जाड यायला लागली, दाब सोडल्यावर टोकं मिटेनाशी झाली, की तिला निरोप द्या. म्हणून दहा प्रकारच्या दहा निब घेण्यापेक्षा एकाच प्रकारच्या तीन घ्या. त्याला आणखी एक कारण आहे. अक्षर बिघडलं तर ते कशामुळे बिघडलं हे कळायला हवं ना? आज ही निब, उद्या ती शाई, परवा तिसराच कागद, असं केलं तर दोष कुणाचा ते कधीच सापडत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. शाळेत प्रयोगाच्या तासाला शिकवलेलं इथेच उपयोगी पडतं.

‘म्हणजे स्वस्तातलं किट घेऊ?’ असं मला धाकट्या चुलत भावाने विचारलं. नाही रे बाबा. ‘कमी घे’ आणि ‘स्वस्त घे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिननावाच्या किटमध्ये बारा निब, सहा शाया आणि एक चकचकीत दांडी येते. माझंही पहिलं तसंच आलं होतं. त्यातल्या अर्ध्या निबची टोकंच एका रेषेत नव्हती. अशा निबवर सहा महिने घासूनही हात सुधारत नाही, फक्त आत्मविश्वास जातो. चांगलं घ्या, पण थोडं घ्या.

अठराव्या शतकातला फिल्टर

आता ज्यासाठी आपण मऊ निबांच्या मागे धावतो, त्या केसासारख्या रेघेची गोष्ट. कॉपरप्लेट हे नाव कुठून आलं माहितीये? लंडनमध्ये जॉर्ज बिकहॅमने १७३३ ते १७४१ या काळात ‘द युनिव्हर्सल पेनमन’ प्रसिद्ध केलं. त्या काळच्या नामवंत लेखनगुरूंच्या अक्षरांचे नमुने त्यात होते. गुरूंनी लिहिलं ते पिसाच्या लेखणीने. छापायचं म्हणून ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं गेलं. कोरणाऱ्याच्या हातात लेखणी नव्हती, पोलादी छिन्नी होती. ती अशी बारीक आणि अशी स्वच्छ रेघ काढू शकायची, जी लेखणीला काढणं महाकठीण. घराघरांतले विद्यार्थी मग तो छापील कित्ता समोर ठेवून लेखणीने तसंच लिहायला झटायचे आणि जमलं नाही की स्वतःला दोष द्यायचे.

ओळखीचं वाटतंय ना? म्हणजे ज्या आदर्शाची आपण नक्कल करतो, तो पहिल्या दिवसापासून ‘एडिट’ केलेलाच होता. पुढे १८२० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये यंत्रांवर पोलादी निब निघू लागल्या आणि तेच अक्षर लिहिणं पुष्कळ सोपं झालं, हे खरं. पण रीलमध्ये दिसणारी रेघ ही चांगला प्रकाश, जवळून धरलेला कॅमेरा, निवडलेला कागद आणि अनेक वर्षांचा हात यांची मिळून असते. त्यातली विकत मिळणारी गोष्ट एकच, निब. म्हणून आपण तीच घेतो.

आणि मराठीत लिहायचं असेल तर?

पाकिटांच्या वेळी काकूंनी विचारलं होतं, ‘काही नावं मराठीतून लिहिशील का?’ मी हो म्हटलं आणि तिथेही तोंडावर आपटले. कारण देवनागरीचं गणितच वेगळं आहे. आपल्या अक्षराची जाडी दाबाने येत नाही, बोरूच्या तिरक्या कापाने येते. बोरूचं टोक रुंद असतं. हात न दाबता, नुसत्या दिशेने रेघ जाड किंवा बारीक होते. इंग्रजीसाठी तो काप एका बाजूला, देवनागरीसाठी नेमका उलट बाजूला. आणि शिरोरेषेचं काय करणार? टोकदार निब खाली ओढताना फाकते; आडवी ओढताना नाही. जबरदस्ती केली तर ती कागदात घुसते. म्हणून टोकदार टाकाने लिहिलेल्या मराठी शब्दाला डोक्यावर धड आधार नसतो. अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात.

मी मराठी नावं शेवटी कट निबने लिहिली, आणि तीच पाकिटं सगळ्यांना जास्त आवडली. अच्युत पालवांची अक्षरं पाहिली असतील तर रुंद टोकात काय ताकद आहे हे वेगळं सांगायला नको. मोडीची गंमत आणखी निराळी. तिथे आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरं तिच्याखाली झरझर लिहीत जायची.

आणि निवडीचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही बरं का. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. बोरू निरनिराळ्या ठिकाणांहून आणावेत, ते चिवट, बारीक, सरळ बघून घ्यावेत, असा व्यवहारी सल्ला त्यात आहे. पण तो समास सुरू होतो अक्षर घोटण्यापासून. सामान नंतर येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वीही क्रम हाच!

मग घ्यायचं काय?

ताठ जी निब तीन. तिला बसेल अशी एक दांडी. तपासून घेतलेला कागद. त्या कागदावर न फुटणारी एक शाई. पाण्याची वाटी आणि जुन्या सुती साडीचा तुकडा, कारण टिश्यूचे तंतू निबमध्ये अडकतात. एवढ्यावर दोन महिने काढा. खाली दाब, वर हलकं; गोल, उभी रेघ, गाठ. दोन महिन्यांनंतर तुम्हाला स्वतःलाच कळेल की पुढची निब मऊ हवी की बारीक. तोपर्यंत ‘बेस्ट निब कोणती’ याचं उत्तर जगात कुणीही तुमच्यासाठी देऊ शकत नाही, कारण ते तुमच्या हातात अजून तयारच झालेलं नाही.

दिवाळीत आजोबा आमच्याकडे होते. माझा डबा त्यांनी उघडला आणि खूप वेळ आत बघत राहिले. म्हणाले, ‘आम्हाला एक निब मिळायची. ती वाकली की घरी बोलणी बसायची.’ मग त्यांनी सव्वीसमधली एक उचलली. कोणती कंपनी, किती लवचिक, काही विचारलं नाही. दांडीत बसवली, दौतीत बुडवली, दौतीच्या काठाला हलकेच टेकवून जादा शाई निथळू दिली, आणि माझ्या सरावाच्या कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलं. साठेक वर्षांनी हातात टाक धरला असेल त्यांनी. एक थेंब सांडला नाही. तो निथळण्याचा झटका मला आजही नीट जमत नाही, आणि तो कुठल्याही किटमध्ये मिळत नाही.

तेव्हा मंडळी, कार्टमध्ये काही टाकून ठेवलं असेल तर दोन आठवडे ते तिथेच राहू द्या. आज रात्री फक्त एक पेन्सिल घ्या. होय, साधी पेन्सिल. रेघ वर नेताना हलकी, खाली आणताना दाब. पानभर तेच करा. उद्या पुन्हा एक पान. दोन आठवड्यांनी अजून मजा येत असेल, तर खुशाल दुकानात जा. पण जाल तेव्हा आधी कागद मागा.